फटफटी, लांबचा पल्ला आणि मैत्री

मैत्रीवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे सुदाम्याचे पोहे निघतात, कर्णाची दुर्योधनावरील निष्ठा निघते. ती उदाहरणे थोर आहेत आणि या मंडपातील श्रोत्यांना ती पुन्हा सांगण्याची गरज नाही. आज ज्या मैत्रीचा विचार करावयाचा आहे, ती इतकी थोर नाही. तिला पेट्रोलचा वास आहे, तिचे हात ग्रीसने माखलेले आहेत आणि तिची भेटण्याची जागा बहुधा हमरस्त्यावरची चहाची टपरी असते. मोटरसायकलीवर बसून, काही काम नसताना, केवळ हौसेखातर हजार-दोन हजार किलोमीटरचा पल्ला मारणारी माणसे जगात सर्वत्र आहेत. आपल्या गावातही ती आहेत. कदाचित आपल्या घरातही असतील. या माणसांमध्ये जो स्नेह जमतो तो कशामुळे जमतो, टिकतो कसा आणि त्याची खरी परीक्षा कोठे होते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘आम्ही चौघे फटफटीवरून लेहला जाणार’ असे जाहीर केले की वडीलमंडळींत दोन मते पडतात. एक मत म्हणते, हा निव्वळ उडाणटप्पूपणा आहे, जिवाशी खेळ आहे. दुसरे म्हणते, जाऊ द्या, तरुणपणी हिंडायचे नाही तर केव्हा? दोन्ही मतांत तथ्य आहे. पण दोन्हींत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. बरोबर कोण आहे, आणि वाटेत ते एकमेकांशी कसे वागणार आहेत? जाणारा सुखरूप परत येईल की नाही, हे पुष्कळदा या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

एक कोडे

प्रथम एक कोडे आपल्यापुढे ठेवतो. आगगाडीच्या डब्यात समोरासमोर बसलेली माणसे बारा तास गप्पा मारतात, डबे उघडतात, एकमेकांना चटणी-पोळी देतात, पत्ते लिहून घेतात. आणि उतरल्यावर आठ दिवसांत एकमेकांना विसरतात. मोटरसायकलवाले याच्या अगदी उलट. प्रत्येक जण आपल्या यंत्रावर एकटा. डोक्यावर शिरस्त्राण, कानांत वाऱ्याचा आणि एंजिनाचा आवाज. शेजारून जाणाऱ्या मित्राशी एक शब्द बोलण्याची सोय नाही. सहा-सहा तास मुक्याने जातात. आणि तरीही, अशा दोन-तीन प्रवासांत जमलेली मैत्री वीस-वीस, तीस-तीस वर्षे टिकलेली दिसते. बोलणे नाही, एकत्र बसणे नाही; मग मैत्री कशावर वाढते?

सात पावले बरोबर चालली की मैत्री होते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती सांगणाऱ्यांनी बरोबर बोलण्याला नव्हे, बरोबर चालण्याला महत्त्व दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोड्याचे उत्तर तेथेच कोठेतरी आहे. परंतु ते शोधण्यापूर्वी या हौसेचा थोडा पूर्वेतिहास पाहू.

पूर्वीचे प्रवासी

मोटरसायकल जन्मल्यावर थोड्याच वर्षांत तिच्यावर बसून दूर जाण्याची इच्छाही जन्मली. अमेरिकेतील कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी याने १९१२-१३ साली हेंडरसन मोटरसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९१६ साली ऑगस्टा आणि अॅडेलीन व्हॅन ब्युरेन या दोन बहिणी दोन स्वतंत्र इंडियन मोटरसायकलींवर न्यूयॉर्कहून निघून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचल्या. युद्धात निरोप्याचे काम स्त्रियाही करू शकतात, हे त्यांना सिद्ध करून दाखवावयाचे होते. ते त्यांनी सिद्ध केले. सैन्याने मात्र त्यांना घेतले नाही.

आपल्याकडची परंपराही लहान नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, ते साध्या पायसायकलींवर. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परत आले. निघाले सहा आणि परतले तीन, हा आकडा पुढील विवेचनासाठी लक्षात असू द्यावा. लांबच्या प्रवासात प्रत्येक सोबत शेवटपर्यंत टिकतेच असे नाही, आणि त्यात कोणाचा दोष असतोच असेही नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र दोन इंग्रज स्त्रियांचे आहे. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी ११ डिसेंबर १९३४ रोजी लंडनहून दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनला निघाल्या. वाहन सहाशे सी.सी.ची एक पँथर मोटरसायकल, तिला जोडलेली साइडकार आणि मागे सामानाची छोटी गाडी. वाट सहारा वाळवंटातून, आणि जवळ होकायंत्रही नाही. चाके वाळूत रुतली की एकीने एंजिन चालवावयाचे आणि दुसरीने ढकलावयाचे, असे दिवसामागून दिवस गेले. वाळवंटात एंजिन निकामी झाले तेव्हाही प्रवास सोडून न देता त्यांनी ते पुन्हा उभे केले. २९ जुलै १९३५ रोजी त्या केपटाउनला पोहोचल्या. पुढे वॉलकबाईंनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात मोटरसायकलीवरून निरोप पोहोचविण्याचे काम केले. १९५० साली अमेरिकेत लुईस शेर्बिन यांनी मोटरसायकल चालविणाऱ्या स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला, त्याच्या पहिल्या उपाध्यक्षाही त्याच होत्या. वाळवंटात दोघींपुरती असलेली सोबत अशा रीतीने पुढे अनेक देशांतल्या स्त्रियांची सोबत झाली.

यंत्राचा दुबळेपणा

आता कोड्याकडे वळू. या मैत्रीचे पहिले कारण यंत्राच्या दुबळेपणात आहे, असे मला वाटते. मोटरसायकल हे मोठे प्रामाणिक यंत्र आहे. त्याचे पोट उघडे असते. चेन, प्लग, क्लचची तार, कार्ब्युरेटर, सारे डोळ्यांपुढे. त्यामुळे ते बिघडले की माणसाला वाटते, हे आपल्याला दुरुस्त करता येईल. आणि खरोखरच ते येते, पण बहुधा एकट्याला नाही. मागचे चाक काढून पंक्चर जोडावयाचे तर एकाने गाडी तोलून धरावी लागते. तुटलेली तार ओवताना एकाने टोक धरावे लागते आणि दुसऱ्याने ओढावे लागते. अंधार असेल तर तिसऱ्याने विजेरी धरावी. अशा तासाभरात माणसाचा जो परिचय होतो, तो दिवाणखान्यातल्या दहा भेटींत होत नाही. कोण चिडतो, कोण पाने नीट पुसून पिशवीत ठेवतो, कोण नुसता सल्ला देतो आणि कोण न सांगता पाणी आणून देतो, हे सारे उघड होते.

आपल्या देशात हा अनुभव दोन गाड्यांनी विशेष दिला. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि तिने मूळची इंग्लंडची बुलेट येथे बांधावयास घेतली. पुढे १९७०-७१ च्या सुमारास इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासची बुलेट चालू राहिली. दुसरी गाडी चेकोस्लोव्हाकियाची जावा. म्हैसूरच्या कारखान्यात ती १९६१ पासून तयार होऊ लागली, पुढे येझदी नावाने ओळखली गेली आणि १९९६ साली तो कारखाना बंद झाला. कारखाना बंद झाल्यावर गाड्याही नाहीशा व्हावयास हव्या होत्या. झाले निराळेच. सुटे भाग दुकानात मिळेनासे झाले, तेव्हा ज्यांच्याजवळ गाड्या होत्या ते एकमेकांना शोधू लागले. एकाजवळ जादा पिस्टन, दुसऱ्याला ठाऊक असलेला जुना मिस्त्री, तिसऱ्याच्या माळ्यावर पडलेली टाकी, अशी देवघेव सुरू झाली. २०१८ साली जावा हे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले. पण मधल्या वीस-बावीस वर्षांत त्या जुन्या गाड्या रस्त्यावर ठेवल्या त्या या देवघेवीने. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी निरनिराळ्या शहरांत या गाड्यांचे मालक जमतात, ते याच ओढीने.

याचा अर्थ असा नव्हे, की गाडी जितकी बिघडेल तितके चांगले. आजच्या गाड्या क्वचित बिघडतात, आणि ते इष्टच आहे. मात्र गरज संपली की माणूस एकमेकांकडे पाहीनासा होतो, हा धोका तेथे आहे. पूर्वी मैत्री यंत्र घडवून आणी. आता ती माणसांना जाणूनबुजून करावी लागते.

सारखी झळ, सारखा मुक्काम

दुसरे कारण हवेचे. मोटारीत बसलेला मनुष्य पाऊस काचेतून पाहतो. मोटरसायकलवाला तो अंगावर घेतो. ऊन, धूळ, पाऊस, थंडी यांपैकी कशातूनही त्याला सुटका नाही. आणि ही झळ सर्वांना सारखी लागते. महागडी गाडी असो वा जुनी, कसाऱ्याच्या घाटात श्रावणाची सर आली की सारे सारखेच भिजतात. कचेरीतला साहेब आणि कारखान्यातला जोडारी एका टपरीच्या पत्र्याखाली उभे राहून बशीतला चहा पितात, तेव्हा त्यांच्यातले अंतर काही काळ तरी खरोखर कमी होते.

येथे बोलण्याचाही उलगडा होतो. ही माणसे बोलत नाहीत असे नाही. ती थांबल्यावर बोलतात. शंभर किलोमीटर प्रत्येकाने मनातल्या मनात जे साठविले, ते दहा मिनिटांच्या मुक्कामात बाहेर येते. तो खड्डा पाहिलास का, त्या ट्रकने कसे दाबले, तुझ्या मागच्या चाकात हवा कमी दिसते. विषय साधे असतात. पण ते सर्वांनी एकाच वेळी जगलेले असतात. आगगाडीतल्या गप्पांत प्रत्येक जण आपापल्या घरच्या गोष्टी सांगतो. येथे एकच गोष्ट सारे मिळून सांगतात.

हिवाळ्यातला एक जर्मन मेळावा या दृष्टीने मोठा मासलेवाईक आहे. १९५६ साली एर्न्स्ट लेवर्कुस या मोटरसायकलींवर लिहिणाऱ्या गृहस्थांनी स्टुटगार्टजवळ काही मित्रांना ऐन थंडीत बोलाविले. झुंडाप कंपनीच्या हिरव्या, दणकट गाडीला लोक हिरवा हत्ती म्हणत. त्यावरून या मेळाव्याचे नाव हत्तींचा मेळावा असे पडले. थोड्याशा मित्रांपासून सुरू झालेला हा मेळावा आजही बव्हेरियाच्या अरण्यात, बर्फात तंबू ठोकून भरतो. उन्हाळ्यात सोयीने जमता आले असते. पण ज्याला बर्फातून यावेसे वाटते तो खरा भेटायला येतो, अशी त्यामागची समजूत असावी. थंडी ही तेथे निमंत्रणपत्रिकेचेच काम करते.

अमेरिकेत १९७२ साली बी.एम.डब्ल्यू. मोटरसायकलींच्या मालकांचा संघ निघाला. त्याने सभासदांसाठी खिशात मावेल अशी एक पुस्तिका काढली. तीत गावोगावच्या सभासदांचे दूरध्वनी क्रमांक आणि पुढे खुणा असत: येथे हत्यारे मिळतील, येथे तंबू ठोकण्यास जागा मिळेल, येथे रात्रीपुरती खाट मिळेल. अनोळखी गावात, रात्री, बंद पडलेल्या गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ती पुस्तिका म्हणजे केवढा आधार! आपल्या वारकऱ्यांना वाटेवरच्या गावांत जी ओसरी मिळते, तिच्याच जातीची ही गोष्ट आहे.

मागच्याची जबाबदारी

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे गतीचा त्याग. लांबच्या प्रवासाला निघालेल्या तांड्याचा एक अलिखित कायदा असतो. तांड्याची गती ही सर्वांत मंद माणसाची गती. ज्याची गाडी जोरदार आहे त्याने तिचा जोर खिशात ठेवावयाचा. हे सांगायला सोपे आहे. मोकळा रस्ता समोर दिसत असताना पाळणे फार अवघड आहे.

तांडा चालविण्याची पद्धत येथे थोडी समजावून सांगतो. सर्वांत पुढे रस्त्याची माहिती असलेला, सर्वांत मागे सर्वांत अनुभवी. नवखे मध्ये किंवा पुढाऱ्याच्या लगेच मागे. सरळ रस्त्यावर सारे एका ओळीत जात नाहीत, तर पहिला आपल्या पट्ट्यात उजवीकडे, दुसरा त्याच्या मागे डावीकडे, तिसरा पुन्हा उजवीकडे, असे तिरपे चालतात. म्हणजे प्रत्येकाला पुढचे दिसते आणि थांबावयास जागा राहते. आपल्या नेमक्या पुढच्यापासून निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. ताशी साठ किलोमीटरच्या गतीला गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते, तेव्हा हे अंतर तेहतीस-चौतीस मीटर होते. पावसात ते आणखी वाढवावे. वळणावळणाच्या घाटात तिरपी रचना मोडून एकामागे एक जावे.

आता खरा नियम. समजा, दहा गाड्या आहेत. पुढाऱ्याने दहाही जणांवर नजर ठेवावी म्हटले तर ते शक्य नाही. म्हणून प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एकाकडे आरशातून पाहावयाचे. फाटा आला की, मागचा दिसेपर्यंत तेथे थांबावयाचे. तो दिसला, त्याने आपल्याला पाहिले, की मग वळावयाचे. समजा, आठव्याची चेन तुटली. सातव्याला तो दिसेना, म्हणून सातवा थांबतो. सातवा दिसेना म्हणून सहावा थांबतो. असे होत होत थोड्या वेळात पुढारी थांबतो. कोणी हाक मारली नाही, दूरध्वनी केला नाही. तरी दहाची दहा माणसे एका माणसासाठी थांबली.

या नियमात फार मोठा अर्थ आहे असे मला वाटते. सर्वांची काळजी वाहणे कोणालाच जमत नाही. पण एकाची वाहणे प्रत्येकाला जमते. आणि प्रत्येकाने एकाची वाहिली तर कोणी मागे राहत नाही. अट एकच, साखळीतील एकानेही ‘येईल तो मागून’ असे म्हणता कामा नये. त्या एका वाक्याने साखळी तुटते. कोड्याचे उत्तर मी येथे ठेवतो. न बोलता सहा तास आपल्याला कोणी आरशात पाहत होते, ही जाणीव मनात खोल जाऊन बसते, आणि मैत्री तिच्यावर वाढते.

लेहचा रस्ता

हे सारे कसोटीला लागते ते हिमालयात. मनाली ते लेह हा रस्ता मोटरसायकलवाल्यांची जणू पंढरी. पुण्याचे वाक्-उपचारतज्ज्ञ अजित हरिसिंघानी यांनी बुलेटवरून केलेल्या लडाखच्या प्रवासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे. तसे प्रवास महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात किती तरी तरुण करतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची चढण टळली आहे. तरीही पुढे सुमारे ४,८९० मीटरांवरचा बारालाचा आणि ५,३२८ मीटरांवरचा तांगलांग हे घाट ओलांडावेच लागतात.

पहिली कसोटी पेट्रोलची. लाहौलमधल्या टांडीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर आहे, असा फलक अनेक वर्षे होता. लिटरला तीस किलोमीटर धरले तरी बारा लिटरांहून अधिक पेट्रोल हवे, आणि बुलेटची टाकी तेरा-चौदा लिटरची. चढणीवर पेट्रोल अधिक जळते. म्हणून डबे बांधून न्यावे लागत. अशा ठिकाणी एकाच्या टाकीला गळती लागली, तर दुसऱ्याच्या डब्यातले पेट्रोल कोणाचे? याचे उत्तर निघण्यापूर्वीच घरी ठरवावे लागते.

दुसरी कसोटी जीवाची आहे. तांगलांगच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. श्वास तितकाच घेतला तरी प्राणवायू निम्माच मिळतो. एंजिनाचीही तीच गत. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हवा कमी आणि पेट्रोल जास्त होऊन गाडी धापा टाकते. गाडीचे फारसे बिघडत नाही, माणसाचे बिघडते. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरांवर, सरचू सुमारे ४,२९० मीटरांवर. एका दिवसात मनालीहून सरचू गाठणारा माणूस बावीसशे मीटर वर जाऊन झोपतो. त्या रात्री डोके ठणकले, मळमळले, झोप आली नाही, तर त्यात नवल नाही. केलाँग किंवा जिस्पा येथे आधी मुक्काम करणारे शहाणे.

डोकेदुखीवर प्रकरण थांबले तर विश्रांतीने निभावते. पण कधी कधी फुफ्फुसांत पाणी साचते आणि बसल्या जागी धाप लागते. कधी मेंदूला सूज येते आणि माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. येथे एक विलक्षण गोष्ट आहे. मेंदूला सूज आलेल्या माणसाला आपण आजारी आहो हे स्वतःला कळत नाही. तो म्हणतो, मी ठीक आहे, चला पुढे. अशा वेळी त्याचे ऐकणारा मित्र त्याचा घात करतो. त्याच्याशी भांडून, त्याची किल्ली काढून घेऊन, रात्र असो वा दिवस, त्याला ताबडतोब खाली नेणारा तो खरा मित्र. खाली उतरणे हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे. औषध आणि प्राणवायू हे साहाय्यक. मग तांगलांगच्या पाटीपाशी छायाचित्र राहिले तर राहू द्यावे. वर्षभर पैसे साठवून, रजा जमवून आलेल्या चौघांना एकासाठी परत फिरावे लागते, तेव्हा त्यांच्या मैत्रीची खरी किंमत ठरते. म्हणून घरच्या वडीलमंडळींनी निघण्यापूर्वी एवढेच विचारावे: एक आजारी पडला तर बाकीचे काय करणार, हे ठरले आहे का?

मैत्रीचा दुसरा चेहरा

दुसरी बाजू लपवून ठेवणे बरे नव्हे. मित्र तारतो तसा मारतोही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हे सारे हौशी प्रवासी नव्हते. बहुतेक कामावर जाणारी, बाजाराला निघालेली साधी माणसे होती. परंतु वाहन तेच आणि रस्ताही तोच. शिरस्त्राणाने मृत्यूचा धोका शेकडा सुमारे ४२ आणि डोक्याच्या इजेचा शेकडा सुमारे ६९ इतका कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. ते गावातही घालावे, हे या शहरात किती वर्षे सांगत आहोत!

तांड्यात असलेला तरुण एकटा असताना करणार नाही ते करतो. पुढच्याने ट्रकला वळणावर ओलांडले, म्हणून मागचा ओलांडतो. झोप येत असूनही बोलत नाही, कारण ‘हा कच्चा’ असे कोणी म्हणेल. म्हणून तांड्याचा स्वभाव पाहावा. जेथे ‘मला झोप येते’ असे निःसंकोच म्हणता येते, आणि म्हणताच सारे थांबतात, तो तांडा चांगला. जेथे असे म्हणणाऱ्याची थट्टा होते, तेथे कितीही मैत्रीच्या शपथा असल्या तरी आपल्या मुलाला पाठवू नये.

अपघात झालाच, तर मित्र असो वा परका, थांबण्याचे कर्तव्य सारखेच आहे. पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने पूर्वी लोक पुढे निघून जात. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या मोटारवाहन कायद्याच्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आणले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. एकमेकांसाठी थांबण्याची सवय ज्यांना लागली आहे, त्यांनी ही माहिती सर्वत्र पसरवावी.

गाडी संपते, सोबत उरते

आणखी दोन उदाहरणे सांगून आटोपतो. जानेवारी १९५२ मध्ये अर्जेंटिनाचे दोन मित्र, वैद्यकीचा विद्यार्थी एर्नेस्टो गेवारा आणि रसायनशास्त्रज्ञ आल्बेर्तो ग्रानादो, एका जुन्या पाचशे सी.सी.च्या नॉर्टनवर दक्षिण अमेरिका पाहावयास निघाले. गाडीचे नाव त्यांनी ‘बलवान’ अशा अर्थाचे ठेविले होते, पण ती चिलीमध्ये कायमची बसली. दोघे थांबले नाहीत. पायी, ट्रकमधून, बोटीतून ते पेरूमधल्या सान पाब्लोच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीपर्यंत गेले आणि तेथे काही दिवस काम केले. जुलैत काराकास येथे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढे गेवारा क्यूबाच्या क्रांतीतला ‘चे’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या राजकारणाविषयी मतभेद असोत. १९६१ साली मित्राच्या बोलावण्यावरून ग्रानादोही क्यूबात स्थायिक झाला, एवढे मात्र खरे. मोटरसायकल काही आठवडेच चालली. मैत्री पुष्कळ लांब चालली.

दुसरे उदाहरण एकट्याचे. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार ऑक्टोबर १९७३ मध्ये ट्रायम्फ गाडीवर लंडनहून निघाला आणि चार वर्षांत एक लाख किलोमीटरांहून अधिक फिरून १९७७ साली परतला. वाटेत तो भारतातही हिंडला. त्याच्याबरोबर कोणी नव्हते. त्यामुळेच वाटेवरचे प्रत्येक गाव त्याचे सोबती झाले. प्रवासात येणारे अडथळे हाच खरा प्रवास, असे त्याच्या ध्यानी आले. कारण प्रत्येक अडथळ्यापाशी एक माणूस भेटतो. २००१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो त्याच वाटेने पुन्हा निघाला.

तेव्हा कोड्याचा निकाल असा. ही मैत्री गाडीमुळे होत नाही. गाडी निमित्त आहे. दुबळेपणा मान्य करणे, झळ सारखी वाटून घेणे आणि मागच्यासाठी आपली गती कमी करणे, या तीन गोष्टी जेथे होतात तेथे मैत्री होते, मग वाहन फटफटी असो, बैलगाडी असो वा संसाराचा गाडा. फटफटीचा विशेष एवढाच, की तिच्यावर या तीन गोष्टी टाळता येत नाहीत. टाळल्या तर त्याची शिक्षा त्याच दिवशी मिळते. आपल्या गावातून या उन्हाळ्यात जे उत्तरेकडे निघतील, त्यांना आशीर्वाद देताना ‘जपून जा’ एवढे म्हणून थांबू नये. ‘मागच्याकडे पाहत जा’ असेही सांगावे.